१ जून : दिनविशेषाच्या यादीत न बसणारे वाढदिवस

फळा_खडू

नमस्कार. गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. १ जूनसाठी नोंदी जमवताना असे लक्षात आले की निदान महाराष्ट्रापुरती तरी ही तारीख फारच भरगच्च आहे. १९२९ साली या दिवशी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. १९३० साली मुंबई-पुणे डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली. अभिनेत्री नर्गिस यांचा जन्मही १ जून १९२९ चा, म्हणजे त्या आणि प्रभात तारखेनेच नव्हे तर सालानेही बरोबरीच्या.

मात्र हे सगळे लिहून झाल्यावर असे वाटले की १ जूनचा खरा दिनविशेष यादीत आलाच नाही. आपल्या ओळखीतल्या साठीच्या पुढच्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून पाहा. गुरुजींनी नाव घालताना लिहिलेली १ जून ही जन्मतारीख त्यांतल्या कितीतरी दाखल्यांवर सापडेल. इतकी माणसे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली, ही घटना एखाद्या कंपनीच्या स्थापनेपेक्षा लहान कशी म्हणायची?

माझे दोन प्रश्न आहेत. प्रभात, डेक्कन क्वीन आणि एसटी या तिघींचा जन्म १ जूनचाच असणे हा निव्वळ योगायोग आहे की त्यामागे काही कारण आहे? आणि गुरुजींनी दिलेला हा सामुदायिक वाढदिवस दिनविशेषात धरावा का? तो धरावा, असे माझे मत आहे. आपली मते आणि अनुभव जरूर लिहा.

तिरकस

आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर १ जूनला कोणी कोणाचे नाव घेत नाही. 'आजच्या सर्व उत्सवमूर्तींना हार्दिक शुभेच्छा' असे एकच वाक्य सरपंच लिहितात आणि त्यात अर्धे गाव येऊन जाते.

चौथीच्या_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आणि माझ्या आधीच्या पिढीच्या गुरुजींचे रजिस्टर हाताळले, म्हणून हे प्रत्यक्षात कसे घडत असे ते सांगते.

मूल शाळेत आणले की गुरुजी त्याला सरळ उभे करत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. बोटे कानाला टेकली की मूल सहा वर्षांचे झाले असे समजत. टेकली नाहीत तर 'पुढच्या साली आणा' म्हणून परत पाठवत. त्यानंतर आईला किंवा आजीला जन्म विचारत, आणि त्यांची उत्तरेही ठरलेली असत. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला', 'थोरली चालायला लागली होती तेव्हाचा', 'कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या सुगीला'. ही उत्तरे खोटी नव्हती. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, त्यामुळे साल अगदी नेमके निघत असे. पण रजिस्टरातला रकाना दिवस, महिना आणि वर्ष मागणारा होता आणि शिवाय ते सारे अंकी आणि अक्षरी, दोन्ही प्रकारे लिहावे लागे. सुगीला अक्षरी काय लिहिणार?

शाळा जूनमध्ये उघडे. पहिलीत बसायला सहा वर्षे पूर्ण हवीत. मग चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे १ जून लिहायचे, म्हणजे मूल नियमात चपखल बसते आणि तपासणीला आलेले साहेबही काही विचारत नाहीत. त्यात आळस थोडा होता हे मी मान्य करीन, पण पुष्कळदा त्या मुलाचे एक वर्ष वाया जाऊ नये हीच इच्छा असे.

कारकून_निवृत्त

बाईंनी सुरुवात सांगितली, मी शेवट सांगतो, कारण माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत सेवापुस्तके तपासण्यात गेली.

शाळेच्या जनरल रजिस्टरातली तारीख दाखल्यावर येते, दाखल्यावरची सेवापुस्तकात येते आणि तिथे ती दगडावरची रेघ होते. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात ५८ वर्षे पूर्ण करतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. पण ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली आहे तो आधीच्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, कारण कायद्याच्या हिशेबाने वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मध्यरात्रीच वर्ष पूर्ण होते. म्हणून १ जूनचा माणूस ३१ मेला घरी जातो. २ जूनचा माणूस ३० जूनपर्यंत खुर्चीवर असतो. गुरुजींनी एक दिवस पुढची तारीख लिहिली असती तर एका महिन्याचा पूर्ण पगार पदरात पडला असता.

दुसरा फटका वेतनवाढीचा. सहाव्या वेतन आयोगापासून १ जुलै ही वेतनवाढीची तारीख झाली. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने वर्षभर काम केले तरी दुसऱ्या दिवशीची वाढ त्याला मिळत नसे. त्यावर वर्षानुवर्षे खटले चालले आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ देय असल्याचा निर्णय दिला. आमचा ३१ मेवाला मात्र अकरा महिन्यांवरच अडकतो, त्यामुळे त्या निर्णयाचा त्याला उपयोग नाही.

जन्मतारीख बदलून घेण्याची सोय नियमात आहे, पण अर्ज नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. त्या वयात निवृत्तीचा विचार कोण करतो? अर्ज येत ते निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की, आणि ते फेटाळण्याचे पत्र तयार करण्याचे काम माझ्याकडे असे.

तिरकस

म्हणजे दिनविशेषाचा फळा ३१ मेला लिहायला हवा. त्या संध्याकाळी सरकारी कार्यालयांत एकाच सभागृहात एकामागून एक निरोप समारंभ होतात आणि शेवटच्या सत्कारमूर्तीपर्यंत समोसे संपलेले असतात.

नगरी

एसटीबद्दल थोडे लिहितो, कारण हा आमच्या गावाचा अभिमानाचा विषय आहे. १ जून १९४८ ला पहिली गाडी धावली तेव्हा तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे होते. गाडी बेडफर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची होती. महामंडळाचे नाव तेव्हा मुंबई राज्याचे होते, कारण महाराष्ट्र राज्य व्हायला अजून बारा वर्षे होती. पुढे २०२२ साली १ जूनलाच याच पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची पहिली एसटी सुरू केली. म्हणजे महामंडळालाही आपल्या वाढदिवसाचे भान आहे.

आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले तरी पहिल्या गाडीच्या गोष्टीत आम्ही 'नगर'च म्हणतो. गाडी नगरच्या माळीवाड्यावरून सुटली की पुण्याच्या शिवाजीनगरहून, हा वाद इथे कोणी काढू नये. काढला तर मी माळीवाड्याच्या बाजूने आहे.

पेठकर

वाद काढायचा नाही असे म्हणून वाद काढण्याची ही नगरी पद्धत फार आवडली. मार्गाचे नाव सगळीकडे 'पुणे-अहमदनगर' असे लिहितात, त्यात पुणे आधी येते, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

डेक्कन क्वीनबद्दल मात्र वाद नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ती सुरू केली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक चंदेरी रंगाचा आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. आरंभी गाडीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचा उतारू तिच्यात पाऊल ठेवू शकला तो थेट १९५५ च्या जूनमध्ये. आज पासधारक मंडळी जिला आपली गाडी म्हणतात, ती जन्मानंतर पंचवीस वर्षे सामान्य माणसाची नव्हतीच.

दर १ जूनला पुणे स्टेशनवर प्रवासी मंडळी तिचा वाढदिवस करतात, इंजिनाला हार घालतात, केक कापतात. फलाटावर दाटीवाटीने उभे राहून केकचा तुकडा तोंडात टाकायचा आणि सव्वासातला गाडी सुटायच्या आत जागा पकडायची, ही कसरत पाहण्यासारखी असते. केक कापणाऱ्यांतही कागदोपत्री १ जूनवाले असणारच, त्यांचा वाढदिवस परस्पर साजरा होऊन जातो.

अंकपाश

धागालेखकांच्या पहिल्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो.

तारखा जुळणे हे वाटते तितके दुर्मीळ नसते. कोणत्याही २३ माणसांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. हे गणित सगळ्या तारखा सारख्याच संभाव्य मानून केलेले आहे. काही तारखांवर गर्दी असेल तर शक्यता आणखी वाढते. महाराष्ट्रातल्या निवृत्तांच्या बैठकीत २३ माणसांचीही गरज पडणार नाही. दिनविशेषाच्या याद्या तर शेकडो वर्षांतल्या हजारो घटनांतून निवडलेल्या असतात, तेव्हा कुठल्याही तारखेला काहीतरी लक्षणीय सापडायचेच.

आता या तिघींचे वार पाहा. १ जून १९२९ ला शनिवार होता, १९३० ला रविवार आणि १९४८ ला मंगळवार. डेक्कन क्वीन सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारी चालत असे. तिच्या बाबतीत सुट्टीचा वार महत्त्वाचा आणि तो नेमका महिन्याच्या पहिल्या तारखेला आला, असे म्हणता येईल. एसटीचे तसे नाही. सरकारी कामे महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू करण्याचा प्रघातच आहे. भाषावार राज्यांची पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला झाली, महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला आणि महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. हिशेब, पगार, करार सगळे पहिल्यापासून मोजायला सोपे पडतात. गुरुजींनी जूनचा नेमका पहिलाच दिवस निवडला, त्यामागेही हीच सोय आहे. तेव्हा एसटी आणि आमचे सेवानिवृत्त काका यांची तारीख जुळणे हा निव्वळ योगायोग नव्हे, दोघांची नोंद कार्यालयीन सोयीनेच झाली. नर्गिस आणि प्रभात यांचे जुळणे मात्र शुद्ध योगायोग.

तुतारी

प्रभातचा उल्लेख झाला, पण पुढे कोणी काही लिहिले नाही. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी हे सराफ, म्हणजे भांडवलाची बाजू त्यांची. त्याच साली 'गोपालकृष्ण' हा मूकपट आला आणि तीनच वर्षांनी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. जिथे तिचा स्टुडिओ होता तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि रस्त्याला प्रभातचे नाव आहे. कोल्हापूरकर जन्मगाव म्हणून अजूनही हक्क सांगतात, तो सोडू नये.

मोडीवाचक

चौथीच्या_बाईंच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. जन्माच्या नोंदी त्या काळी होत नव्हत्या असा समज इथे होऊ नये. गावोगाव कोतवाल बुक होते, त्यालाच गाव नमुना १४ म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात उतरवले जात आणि त्यांतल्या कितीतरी नोंदी मोडीत आहेत. अलीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच दप्तरे तहसील कार्यालयांतल्या कपाटांतून बाहेर निघाली.

अडचण वेगळीच होती. नोंद बहुधा बारशाआधी होत असल्यामुळे तिथे मुलाचे नाव नसते. बापाचे नाव, जात, तारीख आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढेच. एकाच बापाची चार मुले असतील आणि त्यांतली दोन लहानपणी गेली असतील, तर कुठली नोंद कोणाची हे पन्नास वर्षांनी सांगणे कठीण होते. शिवाय हे बुक चावडीवर आणि रजिस्टर शाळेत. या दोन दप्तरांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते. मी काही कुटुंबांसाठी अशा नोंदी वाचून दिल्या आहेत. ज्यांची खरी तारीख सापडली त्यांना प्रथम आनंद झाला आणि लगेच पुढचा प्रश्न आला, आता पत्रिका नव्याने मांडायची का?

रानजाई

धागा वाचनीय आहे, पण विनोदांच्या ओघात एक गोष्ट सुटते आहे असे मला वाटते. १ जून ही तारीख तरी कोणाला मिळाली? जो शाळेत गेला त्याला. माझी आई आणि तिच्या बहिणी शाळेत गेल्याच नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावावर गुरुजींची तारीखही नव्हती. रेशनकार्डावर अंदाजाने वय लिहिलेले होते. पुढे आधार कार्ड काढताना नुसते वय सांगितले की यंत्रणा आपोआप १ जानेवारी लिहीत असे, म्हणून त्या सगळ्या १ जानेवारीच्या झाल्या. म्हणजे आमच्या घरात पुरुष १ जूनचे आणि बायका १ जानेवारीच्या. ही विभागणी बघून हसू येत नाही.

धागालेखकांना माझा विरोध नाही, पण फळ्यावर लिहायचे तर तेही लिहा. दिनविशेषात ज्यांच्या तारखा येतात त्यांच्या घरी कोणीतरी लिहिणारे होते, म्हणून त्या आल्या.

फळा_खडू

रानजाईताई, तुमचा मुद्दा माझ्या मूळ मतापेक्षा पुढचा आहे. फळ्याची जागा थोडी असते, पण '१ जून : शाळेने दिलेला वाढदिवस' आणि '१ जानेवारी : आधारने दिलेला वाढदिवस' अशा दोन नोंदी दोन तारखांना सहज बसतील.

अंकपाश यांनी वार काढून दिले त्याबद्दल आभार. डेक्कन क्वीनच्या बाबतीत वार आणि तारीख एकत्र आले हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

लायप्झिगकर

इथे जर्मनीच्या पूर्व भागात १ जून हा बालदिन असतो. पूर्व जर्मनी असतानाची ही प्रथा एकीकरणानंतरही टिकली, पश्चिमेकडे मात्र २० सप्टेंबरला बालदिन मानतात. पोलंड, रशिया इथेही बालदिन १ जूनलाच. आमच्या शेजारच्या बालवाडीत त्या दिवशी मुलांच्या हातात फुगे असतात आणि त्याच वेळी माझ्या भ्रमणध्वनीवर गावाकडच्या सत्तरीच्या काकांच्या वाढदिवसाचे फोटो येत असतात. दोन्हीकडे टोप्या मात्र तशाच टोकदार कागदी.

खाडीकाठ

आमच्याकडे १ जून म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढण्याचा दिवस. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांच्या किनाऱ्यांवर १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद होते. माशांचा विणीचा हंगाम असतो आणि दर्याही खवळलेला असतो, अशी दोन्ही कारणे आहेत. हवामान खात्याच्या हिशेबानेही मान्सूनचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि केरळात पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख तीच मानतात. मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो.

हे सांगण्याचे कारण असे की धागालेखकांनी 'जूनच्या पहिल्या तारखेला काही कारण आहे का' असे विचारले आहे. या प्रदेशात वर्ष पाऊस मोजूनच बदलते. शाळा जूनमध्ये का उघडते? उन्हाळ्याची सुट्टी पावसाच्या तोंडावर संपते म्हणून. मग गुरुजींच्या १ जूनमागे शेवटी पाऊसच आला. अंकपाश यांची कार्यालयीन सोय मला मान्य आहे, पण ती फक्त 'पहिल्या' तारखेचे कारण सांगते, 'जून'चे नाही.

अंकपाश

खाडीकाठ, हे पटले. ज्या राज्यांत शाळा जुलैत उघडतात तिथे कागदोपत्री वाढदिवसांची गर्दी १ जुलैला असायला हवी. तिकडच्या सभासदांनी सांगावे.

इंदूरकर

मध्य प्रदेशातून हजेरी लावतो. माझ्या सासऱ्यांच्या पिढीत १ जुलै हीच तारीख पुष्कळांची आहे. आमच्या शाळाही तेव्हा जुलैत उघडत. एवढ्यावरून सिद्धांत मांडू नये हे कळते, तरी खाडीकाठ यांच्या बाजूने एक मत टाकतो.

घाटमाथा

एक अवांतर, पण विषयाला धरून. तारीख एकच असली म्हणजे दिवसही एकच असतो असे नाही. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस या दोघांच्या मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात आणि जागतिक पुस्तक दिनही त्यावरूनच २३ एप्रिलला धरला आहे. पण स्पेनमध्ये तेव्हा ग्रेगरीय दिनदर्शिका लागू झाली होती आणि इंग्लंडमध्ये जुनी जूलियनच चालू होती. त्यामुळे शेक्सपिअरचा २३ एप्रिल स्पेनच्या हिशेबाने ३ मे ठरतो. दोघांच्या जाण्यात दहा दिवसांचे अंतर असूनही तारीख तेवढी जुळली.

आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा धरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने स्वीकारली, ती जूलियन आहे. आजच्या दिनदर्शिकेने तोच दिवस १ मार्च येतो. तिथीने साजरी करणारे आणि तारखेने साजरी करणारे यांच्या भांडणात हा तिसरा पर्याय सहसा कोणी काढत नाही, आणि मीही काढत नाही. एवढेच म्हणतो की थोरांच्या तारखाही शेवटी कोणीतरी ठरवलेल्याच असतात. मग गुरुजींच्या १ जूनला इतके हलके का लेखायचे?

मोडीवाचक

घाटमाथा, इथे थोडा फरक करायला हवा. महाराजांच्या जन्माची तिथी जुन्या कागदांच्या आधारे, पुष्कळ वादानंतर ठरली आणि तारखेत रूपांतर नंतर झाले. गुरुजींनी आधार नसताना तारीख दिली. एकात माहितीचे रूपांतर आहे, दुसऱ्यात माहितीची जागा भरणे आहे.

घाटमाथा

फरक मान्य. मात्र आईने सांगितलेली 'भूकंपाच्या पुढची सुगी' हीदेखील माहितीच होती, गुरुजींनी ती टाकून दिली.

वाळवेकर

दिवस खरोखर एकच असल्याचे उदाहरण हवे असेल तर १ ऑगस्ट १९२० घ्या. रविवार होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. महात्मा गांधींच्या असहकार चळवळीचा आरंभही त्याच दिवसाचा. आणि त्याच दिवशी आमच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. आमच्याकडे १ ऑगस्टला एका चौकात टिळकांच्या प्रतिमेला हार असतो आणि पुढच्या चौकात अण्णाभाऊंच्या मिरवणुकीची हलगी चाललेली असते. लहानपणी शाळेच्या फळ्यावर पहिली नोंद कायम असे, दुसरी पुष्कळ उशिरा यायला लागली. रानजाई यांनी लिहिणाऱ्या घरांबद्दल जे म्हटले ते इथे तंतोतंत दिसते. ज्या माणसाची शाळा दीड दिवसाची, त्याची नोंद शाळेच्या फळ्यावर यायला एवढा काळ जावा लागला.

रानजाई

वाळवेकर, अनुमोदन. हे उदाहरण मला सुचायला हवे होते.

पान_उलटा

यादीत आणखी एक नाव घालावे असे सुचवतो. सत्येंद्रनाथ ठाकूर, जन्म १ जून १८४२. रवींद्रनाथांचे थोरले बंधू आणि इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी बंगालमध्ये नव्हे तर मुंबई इलाख्यात झाली. अहमदाबादपासून सुरुवात करून १८९७ साली ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. मेरिलिन मन्रो (१ जून १९२६) सगळ्या याद्यांत सापडते, साताऱ्याचे हे न्यायाधीश क्वचितच.

तिरकस

आणि त्यांची १ जून खरी आहे, कारण ठाकुरांच्या वाड्यात कान धरायला लावणारे गुरुजी नव्हते.

फळा_खडू

पान_उलटा, हे नाव घेतलेच. फळ्यावर नेमके काय लिहावे हे आता बरेचसे ठरले आहे. प्रभात, डेक्कन क्वीन, एसटी, नर्गिस आणि सत्येंद्रनाथ ठाकूर, आणि त्यांच्या खाली त्याच आकाराच्या अक्षरांत 'ज्यांचा जन्मदिवस शाळेने ठरवला अशा सर्वांचा वाढदिवस'. अक्षरांचा आकार सारखा ठेवण्यावर मी ठाम आहे.

कारकून_निवृत्त

हा प्रकार पुढच्या पिढीत राहणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आला, दवाखान्यांत बाळंतपणे होऊ लागली आणि आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्माचा दाखलाच चालतो. ज्यांची तारीख गुरुजींची, त्यांतले शेवटचे लोक सध्या निवृत्त होत आहेत. ३१ मेची ती गर्दीही काही वर्षांत ओसरेल.

नवी_वाचक

इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे दोन्ही काका कागदोपत्री १ जूनचे आहेत आणि सालही एकच आहे, पण ते जुळे नाहीत, दोघांत दोन वर्षांचे अंतर आहे. हे कसे झाले असेल?

चौथीच्या_बाई

सोपे आहे. शाळा दुसऱ्या गावात असेल, थोरल्याला एकट्याला ओढ्यापलीकडे पाठवायची आईची तयारी नसेल. धाकट्याचा हात कानाला टेकेपर्यंत थांबले आणि दोघांना एकाच दिवशी आणून बसवले. गुरुजींनी दोन ओळींत एकच तारीख लिहिली. अशा जोड्या मी रजिस्टरात पाहिल्या आहेत.

नवी_वाचक

ओढा होता, हे खरे आहे. दोघे एकाच खात्यात लागले आणि ३१ मेला एकत्रच निवृत्त झाले. धाकटे काका अजून म्हणतात की थोरल्याने त्यांच्या जिवावर दोन वर्षे जादा पगार खाल्ला.